सतरा नंबरचा फॉर्म

फोन आला तेव्हा दिपमाला बाइंडिंगवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती. हातात प्रोजेक्टच्या तीन काळ्या जाड प्रती, आणि त्यांचा डिंक अजून ओला. 'उद्यापर्यंत उघडू नका ताई,' असं दुकानदाराने दोनदा बजावलं होतं, म्हणून ती नुसतीच पुठ्ठ्यावरच्या सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवत होती. 'डाळ मिलमधील महिला कामगारांची गैरहजेरी : एक अभ्यास.' खाली तिचं नाव, वडिलांच्या नावासकट, आणि त्याखाली बीबीए, तिसरं वर्ष, ह्यूमन रिसोर्स. आडनाव जरासं तिरकं बसलं होतं, पण ते तिला एकटीलाच दिसत असावं. एप्रिलमधला दुपारचा दीड वाजला होता, रस्त्यावर रिक्षावाल्यांनीही डोक्याला ओले रुमाल गुंडाळले होते, आणि तरी तिला मनातून गार वाटत होतं. मग फोन वाजला. "दिपमाला ना? भारंबे बोलतोय, मिलमधून." भारंबे साहेब म्हणजे एमआयडीसीतल्या ज्या डाळ मिलमध्ये तिने पंचेचाळीस दिवस काढले तिथले एचआर मॅनेजर. चार दिवसांपूर्वी तिने रिपोर्ट त्यांना मेलवर पाठवला होता, सर्टिफिकेटवर सही हवी म्हणून. "वाचला मी तुझा रिपोर्ट. पूर्ण वाचला हं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणाचा तरी पूर्ण वाचला." ती थँक यू सर वगैरे काहीतरी म्हणाली. "पान त्रेपन्न," ते म्हणाले. "ही सतरा नंबरची बाई कोण?"

"सर, नावं घेतली नव्हती. फॉर्मवर नुसते नंबर आहेत," ती म्हणाली. ते खरंच होतं. "अगं, नाव नसेल, पण चेहरा तर आठवत असेल? शुक्रवारी तुमच्या व्हायव्याला एक्स्टर्नल परीक्षक म्हणून मीच आहे. झालं की तुझ्या गाइडना, भदाणे सरांना घेऊन आपण तिघं मिलमध्ये एक चक्कर मारू. तू काही बोलू नकोस, फक्त दाखव." मग आवाज जरा मऊ करून म्हणाले, "जूनपासून ट्रेनी म्हणून तू आमच्याकडेच येणार आहेस. ही तुझी पहिली असाइनमेंट समज." फोन बंद झाला. दिपमालाने तिथेच प्रत उघडली. पान त्रेपन्न कडेला उचकटलं आणि दुकानदार आतून 'ताई, सांगितलं होतं ना' म्हणाला.

त्या पानावर तिनेच लिहिलं होतं, आणि लिहिताना तिला स्वतःचा अभिमान वाटला होता. 'प्रतिसादक क्रमांक सतरा यांच्या कार्डावर प्रत्यक्षात दोन जावा आळीपाळीने एकेक आठवडा कामावर येतात. एक घरी असते तेव्हा दुसरी कामावर असते. याला व्यवस्थापनशास्त्रात जॉब शेअरिंग असे म्हणतात. मोठमोठ्या कंपन्या हे धोरण म्हणून राबवतात. येथे ते महिलांनी स्वतःच शोधून काढले आहे.' शेवटचं वाक्य तिने तीनदा खोडून पुन्हा लिहिलं होतं. आता रस्त्यावरच्या उन्हात ते वाक्य तिला एखाद्या आगाऊ मुलीने पाहुण्यांसमोर म्हटलेल्या कवितेसारखं वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि हात तरी स्वतःचा कुठे होता? दुसऱ्याचा हात धरून तिने दाखवला होता.

ती चालत निघाली. हॉस्टेल लांब होतं, रिक्षा करायला हवी होती, पण रिक्षात बसायचं म्हणजे एका जागी बसायचं, आणि ते तिला आत्ता जमलं नसतं. सराफांच्या दुकानांच्या काचेत एसीची गार हवा आणि पिवळा उजेड साचलेला, बाहेर फुटपाथवर तिची सावली पायाखालीच. प्रतींचं ओझं या हातातून त्या हातात करत ती मिल आठवत होती. मिल म्हटली की सगळ्यात आधी आठवतो तो धुरळा. डाळीचा बारीक पिवळा धुरळा, जो दुपारपर्यंत पापण्यांवर बसतो आणि रात्री आंघोळ केली तरी नाकात तुरीचा वास शिल्लक ठेवतो. पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यापाशी दीडशेएक बाया बसत, साडीवर नवऱ्याचा नाहीतर दिराचा जुना शर्ट चढवलेला, तोंडाला डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ, उघडे काय ते डोळे आणि हात. पहिल्या आठवड्यात दिपमालाला सगळ्या सारख्याच दिसत. सतरा नंबरची बाई निळ्या चौकड्यांच्या शर्टाची. शनिवारी तिने पहिलं पान भरून घेतलं: नाव विचारायचं नव्हतं, शिक्षण सातवी, मुलं तीन, घर कुसुंब्याच्या बाजूला. भोंगा झाला म्हणून दुसरं पान राहिलं. सोमवारी तोच निळा शर्ट, तोच स्कार्फ, गळ्यात तेच कार्ड. दिपमालाने दुसऱ्या पानावर खातरजमेसाठी ठेवलेले प्रश्न पुन्हा विचारले, पुस्तकात तसं करायला सांगितलं आहे म्हणून. शिक्षण? शाळा पाहिलीच नाही. मुलं? दोन. "मावशी, शनिवारी तर तीन सांगितली होती," दिपमाला गोंधळून म्हणाली. बाईचे हात थांबले नाहीत, पण स्कार्फच्या आत काहीतरी हललं, आणि मग लक्षात आलं की ती हसते आहे.

"शनवारले मी कोठे व्हती व पोरी? ती मन्ही देरानी, सुमन. मी यशोदा. हाऊ हप्ता मना शे." शनिवारची बाई हिची जाऊ होती, आणि हा आठवडा हिचा होता. दिपमालाने पेन खाली ठेवलं. तोवर ती त्या बायांशी पुस्तकी मराठीत बोलत होती, भदाणे सरांनी शिकवल्यासारखं, 'आपल्या मते' आणि 'कृपया'. आता तिच्या तोंडून घरचीच बोली निसटली. "आनि कोन्ही वळखत नही का?" यशोदाबाईने एक पिशवी पट्ट्यावर सरकवली. "आठे तोंड कोन देखस? हात चालना पाहिजे." मग मान वर करून तिने दिपमालाकडे नीट पाहिलं. "तू आम्हनाकडनीच शे मंग. आते सांगस तुले. घरमा सासू आथरूनवर शे, पोरे शेतस, म्हैस शे. एकीले घर ऱ्हावनंच पडस. मंग एक कार्ड काढं, दोन्ही वापरतस. सात वरीस व्हयनात." दिपमालाने न राहवून विचारलं होतं, "भांडन व्हत नही का तुम्हनं?" आणि यशोदाबाई म्हणाली होती, "भांडाले येळ कोठे शे? ती घर ऱ्हास तवय मी आठे, मी घर ऱ्हास तवय ती आठे." पुढच्या आठवड्यात खुद्द सुमनबाई आली. तिने सुरुवातीलाच दिपमालाला चिमटा काढून सांगितलं की अक्काने, म्हणजे यशोदाबाईने, मला सगळं सांगितलंय, आणि मग दोन्ही पानं पुन्हा पहिल्यापासून भरून दिली. दोघींची मिळून पाच मुलं होती. फॉर्मवर तेवढ्यासाठी चौकोन नव्हता.

हॉस्टेलवर पोचली तेव्हा मेघा जमिनीवर फॉर्मांचा पसारा घालून बसली होती. मेघा तिची रूममेट, रावेरची, वडिलांची केळीची बाग आणि पॅकिंगची शेड. तिचा प्रोजेक्ट 'केळी पॅकिंग उद्योगातील कामगारांचे समाधान' असा होता, आणि घरच्याच शेडमधल्या पन्नास माणसांना विचारायला ती एकदाही रावेरला गेली नव्हती. पाच रंगांची पेनं, उजवा हात, डावा हात, कधी अक्षर मोठं, कधी बारीक. अंगठे उमटवायची वेळ आली तेव्हा हातापायांची वीसही बोटं कामाला लावली होती. वर्गातल्या बावन्नपैकी एक्कावन्न जणांनी असंच काहीतरी केलं होतं, आणि त्यात लपवण्यासारखं आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. भारंबेंचा फोन सांगितल्यावर मेघा मांडी बदलून बसली. "तू पण ना, खरंखुरं लिहायला कोणी सांगितलं होतं वं तुला? माझ्या पन्नास माणसांपैकी अठ्ठेचाळीस समाधानी आहेत. दोन असमाधानी ठेवले, खरं वाटायला. त्यांना कोण काढणार आहे कामावरून?" दिपमालाला हसू आलं आणि लगेच राग आला. रागाचं कारण मेघा नव्हती. तिला एकदम जाणवलं की मेघाचे पन्नास खोटे कामगार आज कितीतरी सुखरूप आहेत.

तिने इंडस्ट्रिअल रिलेशन्सची वही काढली. गैरवर्तनाची यादी, भदाणे सरांनी लिहून दिलेली, तिने परीक्षेसाठी घोकलेली. कामावर झोपणे. मालाची चोरी. आणि सहावं, दुसऱ्याच्या नावाने हजेरी लावणे. त्याच्यापुढे तिनेच लाल पेनाने चांदणी काढली होती, कारण प्रश्न येण्याची शक्यता जास्त. आला होता, आणि पैकीच्या पैकी मिळाले होते. उत्तरात तिने लिहिलं होतं की अशा कामगारास चौकशीअंती बडतर्फ करता येते. हे वाक्य लिहिताना तिच्या डोळ्यासमोर कोणीच नव्हतं. 'अशा कामगारास.' आता त्या शब्दांना निळ्या चौकड्यांचा शर्ट चढला आणि वही मिटावी लागली. आणि अमुक एक मनुष्य दुष्ट आहे म्हटलं की आपण मोकळे होतो, तर तीही सोय नव्हती. गुरुवारी सकाळी भारंबे साहेबांनी व्हॉइस मेसेज टाकला, चांगला दीड मिनिटांचा. "हे बघ, मला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. पण उद्या पट्ट्यात हात गेला, तर कार्ड एकीचं आणि हात दुसरीचा. विमा कोणाला देऊ? पीएफ एकीचा कापतोय, राबतायत दोघी. फॅक्टरी इन्स्पेक्टर मला विचारेल ना, तुला नाही." तिने तो चार वेळा ऐकला. चारही वेळा त्यात खोट सापडली नाही. मग पाचव्यांदा ऐकताना वाटलं की हा माणूस दोघींनाही कार्ड देईन असं मात्र एकदाही म्हणत नाही.

वर्ग नव्हते. हॉस्टेलच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे अर्ध्या तासात कडक होत होते आणि ती ते उगाच उलटेसुलटे करत होती. तिला स्वतःशी एक गोष्ट सोडवून घ्यायची होती: आपण ते पान लिहिलं कशासाठी? मार्कांसाठी, हे पहिलं उत्तर. भदाणे सर स्टाफरूममध्ये सांगत की माझी एक विद्यार्थिनी खरोखर धुरळ्यात बसते, आणि ते दाराबाहेरून ऐकताना तिच्या कानांच्या पाळ्या गरम होत. पण तेवढंच नव्हतं. तिचं गाव धुळ्याजवळचं, घरात आई आणि काकू. जावा जावा उभा दावा अशी म्हण आहे, आणि तिच्या घरी ती म्हण नव्हतीच, ती रोजची व्यवस्था होती. एकाच ओट्यावर दोन शेगड्या आणि मधोमध तेलाचे डबे रचून केलेली सीमा. आईला मुतखड्याचा त्रास झाला तेव्हा दिपमाला आठवीत होती. आई आठ दिवस कण्हत राहिली पण धुळ्याला दवाखान्यात गेली नाही, कारण गेली असती तर संध्याकाळी गाईची धार कोणी काढायची? काकू चार पावलांवर होती. काकूला गाय ओळखत होती. काकूला विचारायचं मात्र नव्हतं, आणि काकूने आपणहून यायचं नव्हतं, कारण दोन वर्षांपूर्वी तिच्या बाळंतपणात आई गेली नव्हती. शेवटी दिपमालाने शाळा बुडवून धार काढायचा प्रयत्न केला आणि गाईने लाथ मारली. पायावर काळानिळा डाग घेऊन ती परसात बसली असताना तिने काकूला दारात उभी पाहिलं होतं. काकू बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, रागही नव्हता. तिला यायचं होतं, असं दिपमालाला आजही वाटतं, आणि ती आली नाही.

म्हणून तर त्या सोमवारी, यशोदाबाईने 'हाऊ हप्ता मना शे' म्हटलं तेव्हा दिपमालाच्या छातीत काहीतरी इतकं मोठं झालं की तिला ते कुठेतरी ठेवणं भाग होतं. तिच्याजवळ ठेवायला प्रोजेक्टशिवाय दुसरी जागा नव्हती. आपलं शिक्षण ते एवढंच, तिला वाटलं. तीन वर्षं मोटिव्हेशन, लीडरशिप, टीम बिल्डिंग. खुर्च्यांचे खेळ खेळून एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकणं. आणि प्रत्यक्ष विश्वास पट्ट्यापाशी बसलेला दिसला तेव्हा त्याचं इंग्रजी नाव शोधून त्याला पान क्रमांक दिला. तिला स्वतःची शिसारी आली. पण त्याच वेळी, अगदी त्याच क्षणी, जूनमध्ये मिळणारी ट्रेनीची जागाही डोक्यात होतीच. टेबल, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, धुळ्याच्या एसटीतून उतरून आईला 'माझं ऑफिस' म्हणून दाखवणं. दोन्ही एकत्र मनात राहू शकतात याचं तिला नवल वाटलं. मिलमध्ये जाऊन दोघींना सावध करावं असंही आलं मनात. पण तिच्याजवळ त्यांचा फोन नव्हता, आणि गेटवर ती ज्या बाईशी बोलेल ती सतरा नंबर, हे भारंबेंना कळायला कितीसा वेळ लागणार होता? तिला विसरल्याचं सोंग आणता येईल. पण दीडशे बायांमधून चालताना आपली नजर निळ्या शर्टावर थांबणार नाही याची खात्री तिला देता येईना. तिचा चेहरा फार साधा होता. आई म्हणायची, तुझ्या तोंडावर सगळं छापून येतं.

शुक्रवारी व्हायव्याला कॉन्फरन्स रूममध्ये मोठा कूलर लावला होता. मेघा चार मिनिटांत बाहेर आली आणि डोळा मारून गेली. आत टेबलामागे भारंबे साहेब, शेजारी भदाणे सर, मध्ये काजूच्या बिस्किटांची ताटली. "सर, ही ती," भदाणे सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एवढी माया होती की दिपमालाने मान खाली घातली. "आमच्या बॅचमधली एकच, जी खरोखर जाऊन बसली." भारंबे हसले. "माहीत आहे ना. गेटपासवर माझीच सही." मग त्यांनी सॅम्पल साइज विचारली, मर्यादा विचारल्या, आणि तिने उत्तरं दिली. ती चांगली उत्तरं होती. तिला ऐकू येत होतं की ती चांगली आहेत. "गुड. चल, आता पान त्रेपन्न," भारंबे म्हणाले. "गाडी खालीच आहे. निघायच्या आधी एवढं सांग, कुठल्या पट्ट्यावरची?"

"सर, ते मी मनानेच लिहिलं."

कूलरचा आवाज एकदम मोठा वाटला. "म्हणजे?" भदाणे सरांनी विचारलं. दिपमाला टेबलाच्या कडेकडे बघत होती. आपण असं म्हणणार हे तिला खुर्चीत बसेपर्यंत माहीत नव्हतं, पण आता म्हटल्यावर पुढचा रस्ता सरळ दिसत होता, उतारासारखा. "अशी कोणी बाई नाही. चाळीस फॉर्म पूर्ण होत नव्हते. सतरावा मी हॉस्टेलवर भरला. पुस्तकात जॉब शेअरिंगवर एक परिच्छेद होता, म्हणून मग…" भारंबे साहेब क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. ते आता उलटतपासणी घेतील म्हणून तिने पाय घट्ट रोवले होते. पण ते मागे रेलले, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "बघा सर," ते भदाणे सरांना म्हणाले, "दोन दिवस मी हैराण. मुकादमाला झापलं, कॅमेऱ्याचं फुटेज काढून बसलो. तरी मला वाटलंच होतं. दोन जावा, आणि एकमेकींसाठी कामाला येतात? असं कुठे असतं का?"

भदाणे सर हसले नाहीत. ते फॉर्मांची फाइल चाळत होते. "आणि बाकीचे एकोणचाळीस?" त्यांनी हळूच विचारलं. या प्रश्नाचा तिने विचार केलेला नव्हता. बाकीचे खरे म्हटले, तर एकटा सतरावाच खोटा कसा? मग सर तो फॉर्म काढून बघतील, दुसऱ्या पानावरची खाडाखोड बघतील, तीन मुलं खोडून दोन, दोन खोडून तीन, आणि असली खाडाखोड हॉस्टेलवर बसून कोणी करत नाही. एक वाचवायचा तर चाळीसही द्यायला हवे होते. "तेही तसेच, सर." "अगं, पण पंचेचाळीस दिवस तू…" "गेटवर सही करायचे सर. मग स्टोअरच्या मागे सावलीत बसायचे." तिचा आवाज एकसारखा येत होता, कुठे अडखळत नव्हता, आणि चेहऱ्यावर काही छापून आलं असेल तर ते कोणी वाचलं नाही. प्रत्येक वाक्याबरोबर मिलमधला एकेक दिवस पुसला जात होता. पापण्यांवरचा धुरळा, तो खोकला, ज्याने ती फेब्रुवारीत आठ दिवस झोपली नव्हती, डबा उघडल्यावर पुढे येणाऱ्या ठेच्याच्या वाट्या, सगळं. भदाणे सरांनी प्रत मिटली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "जा," ते म्हणाले. "पास होण्यापुरते मार्क देतो. ते सगळ्यांनाच देतो." भारंबे साहेबांनी बिस्कीट उचललं. जूनबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि बोलण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

बाहेर आल्यावर तिला आधी खूप हलकं वाटलं, आणि जिना उतरेपर्यंत ते हलकेपण जाऊन संताप आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्याशाने स्वतःच गळा पुढे केला होता, आणि फाशी देणाऱ्यांनी साधं 'नक्की का?' विचारलं नव्हतं. त्याचंच तिला लागलं. खरं सांगितलं तेव्हा त्यांना पुरावा हवा होता, चेहरा हवा होता, बोट दाखवायला हवं होतं. खोटं त्यांनी बिस्किटासारखं उचललं. सरांनी तरी विश्वास ठेवायला नको होता. निदान सरांनी म्हणायला हवं होतं की पोरी, तू खोटं बोलतेस. ते म्हणाले असते तर ती कदाचित तिथेच फुटली असती आणि दोघींची नोकरी गेली असती, हे तिला कळत होतं, आणि तरी तिला ते हवं होतं.

संध्याकाळी साडेपाचला ती मिलच्या गेटबाहेर उभी होती. आता भीती नव्हती. बनवाबनवी करणाऱ्या पोरीवर कोण लक्ष ठेवतं? भोंगा झाला. बाया शर्ट काढून पिशवीत कोंबत बाहेर पडू लागल्या, सगळ्यांच्या भुवया पिवळ्या. निळा शर्ट अजून अंगावर असलेली एक सरळ तिच्याकडे आली. जवळ येऊन तिने स्कार्फ खाली ओढला तेव्हा ती सुमनबाई निघाली. "तू आठे कशी व? परीक्षा व्हयनी का?" "व्हयनी, मावशी." दिपमालाने तिला भिंतीच्या कडेला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, थोडे दिवस तूच ये, अक्काला धाडू नको, साहेब कॅमेरा बघतोय. सुमनबाईने शांतपणे ऐकून घेतलं. म्हैस आणि सासूचं गणित तिच्या कपाळावर दिसत होतं. "पाहू," ती म्हणाली. मग तिला दुसरंच काही आठवलं आणि चेहरा उजळला. "तू लिखं ना आम्हनं पुस्तकमा? अक्कानी बठ्ठी गल्लीले सांगी टाकं, आम्हनं नाव कालेजना पुस्तकमा शे म्हनीसन." नाव नव्हतं, नंबर होता, हे सांगण्यात अर्थ नव्हता. "मी काढी टाकं ते, मावशी," दिपमाला म्हणाली. "का व?" सुमनबाईने विचारलं. दिपमाला रस्त्याकडे बघू लागली, तेव्हा तिनेच अंदाज केला. "खोटं वाटनं का त्यासले?"

"हा."

सुमनबाईने शर्टाची बटणं काढली, एकेक करून, सावकाश. कुसुंब्याची रिक्षा भरत आली होती आणि आतून तिला कोणीतरी हाका मारत होतं. तिने शर्ट झटकला, थोडा धुरळा दोघींच्या मध्ये उडाला. "आनि तुले?" तिने विचारलं.

"माले नही, मावशी," दिपमाला म्हणाली. ते खरं होतं. या दोन दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात खरं वाक्य होतं, पण तिचा आवाज सकाळच्या व्हायव्याच्या खोलीतल्यासारखाच निघाला, एकसारखा, कुठेही न अडखळता. सुमनबाईने तिच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं. मग ती रिक्षात जाऊन बसली आणि तिने स्कार्फ पुन्हा वर ओढला.